जोडीदाराची साथ



एड्सचा विषय निघाला की आपण मान खाली घालतो. त्यात दोन पुरुषांच्या सहजीवनाविषयी तर बोलायलाच नको! परंतु गप्प बसल्याने रोग थांबत नाही.

आम्ही बँकेतली माणसे, आधी आकडे पाहतो. युरोपातील १४ देशांत अशा ७८२ जोडप्यांची पाहणी झाली. एकाला एचआयव्हीची लागण, दुसऱ्याला नाही. लागण झालेल्याच्या रक्तातील विषाणू नियमित औषधाने दबलेला होता. निरोध न वापरताही एकाकडून दुसऱ्याला एकदाही लागण झाली नाही. हा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला.

औषध मात्र रोज घ्यावे लागते. तेथे जोडीदार कामी येतो. तो गोळीची आठवण करतो, दवाखान्यात सोबत जातो, स्वतःचीही तपासणी करून घेतो.

आपल्याकडे सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून मोफत मिळते. प्रौढांचे संमतीचे असे संबंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गुन्ह्यातून वगळले. कायद्याची भीती गेली. घरच्यांची, शेजाऱ्यांची राहिली. लपून राहणारा माणूस गोळीही लपवतो, आणि लपवलेली गोळी चुकते.

मित्रहो, ही भीती घालवायला पैसा लागत नाही. ते काम आपले आहे, एवढेच सांगून आम्ही थांबतो.