पाहुणा निघायच्या आधी पाठवायचा कागद

आजचं बोलणं खास करून ज्यांनी घरातली एखादी-दुसरी खोली पर्यटकांसाठी काढली आहे किंवा काढायचं मनात आहे, त्यांच्यासाठी. कोकणात आपल्यासारख्या कितीतरी जणींनी निवास-न्याहारी सुरू केली आहे. कोणी गटाचं कर्ज घेऊन खोलीला लागून संडास-बाथरूम बांधलं, कोणी मुंबईहून चादरी आणल्या, रस्त्यावर पाटी लावली. सगळं झालं, पण आपल्या घराची माहिती मात्र आपल्या डोक्यातच राहिली. पाहुणा पुण्याहून, नाशिकहून येतो. त्याला आपली विहीर ठाऊक नसते, आपली वाट ठाऊक नसते, आपल्याकडे रात्री आठनंतर दुकान उघडं नसतं हेही ठाऊक नसतं.

म्हणून माझं सांगणं असं, की पाहुण्याने खोली ठरवली की त्याला एक कागद पाठवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि तोच खोलीत दाराच्या मागे लावून ठेवा. त्यात आपल्या घराची खरी माहिती असायला हवी.

मी हा कागद पहिल्यांदा लिहायला घेतला तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगो, पाहुण्याला असं कोण सांगतं? आल्यावर बघू की!" त्यांचं म्हणणं आपल्या रीतीला धरूनच होतं. आपल्या घरी आत्या येते, मामा येतो, त्याला कोण जेवणाची वेळ सांगतं? पण आत्याला आपलं घर माहीत असतं. पाणी गेलं तर ती स्वतः विहिरीवर जाते. पैसे देऊन येणाऱ्या माणसाने चार दिवसांची रजा काढलेली असते, लहान मूल किंवा म्हातारी आई सोबत असते. त्याला आधी कळलं तर तो तयारीने येतो, नाहीतर दुसरीकडे जातो. आल्यावर कळलं तर तो चिडतो, आणि त्याच्या चिडण्याची झळ बसते ती चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला.

तर पहिलं, वाट. नुसता नकाशाचा दुवा पाठवून भागत नाही. आपल्याकडे एकाच नावाची गावं किती! कासवांसाठी प्रसिद्ध असलेलं वेळास मंडणगड तालुक्यात आहे. दुसरं वेळास श्रीवर्धन तालुक्यात, मध्ये बाणकोटची खाडी. चुकीचं नाव टाकलं तर माणूस खाडीच्या पलीकडे उभा राहतो. म्हणून गाव, तालुका, जिल्हा लिहा, आणि शेवटचे दोन किलोमीटर आपल्या शब्दांत सांगा. शाळेच्या पुढे डावीकडे, मग पार लागतो, मग चिऱ्याचा गडगा. जवळचं रेल्वे स्टेशन किती लांब तेही लिहा. गुहागरला यायचं तर चिपळूणला उतरावं लागतं, आणि तिथून पुढे साधारण 45 किलोमीटर आहे, हे मुंबईच्या माणसाला वाटत नाही. त्याला वाटतं स्टेशनातून रिक्षा केली की समुद्र. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, तेही सांगा. जंगरने यायचं असेल तर शेवटची फेरी किती वाजता, हे धक्क्यावर विचारून मगच लिहा. आणि एक वाक्य जरूर घाला, की शक्यतो उजेड असताना पोचा. घाटातून आणि वाडीच्या अरुंद रस्त्यातून नवख्या माणसाने रात्री गाडी चालवू नये.

गाडीवरून आठवलं, ड्रायव्हर. पाहुणे भाड्याच्या गाडीने येतात आणि ड्रायव्हर कुठे झोपणार याचा विचार कोणीच केलेला नसतो. रात्री दहा वाजता तो बिचारा अंगणात उभा. त्याची झोपायची, जेवायची सोय आपल्याकडे आहे का आणि तिचे किती पैसे, हे आधीच लिहावं.

आता पाणी, वीज आणि संडास. इथे आपण बायका संकोचतो आणि नेमकं इथेच बिनसतं. समुद्राकाठच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मे महिन्यात मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण शहरातली बाई केस धुऊन बाहेर येते ती वैतागून. सरळ लिहा, "उन्हाळ्यात आंघोळीचं पाणी थोडं मचूळ असतं, पिण्याचं पाणी वेगळं, उकळून गार केलेलं देतो." पावसात वीज जाते, कधी रात्रभर जाते. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो पण एसी चालत नाही, हे लिहा. गरम पाणी बंबाचं असेल तर सकाळी किती ते किती मिळेल तेही. गॅसचा गिझर असेल तर तो आणि सिलिंडर बाथरूमच्या बाहेर हवेत आणि खिडकी उघडी हवी. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि जीवही जातो. हे पाहुण्याला सांगण्याआधी आपण आपल्या घरात तपासायचं.

संडास भारतीय आहे की कमोड, हा प्रश्न गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी जेवणापेक्षा मोठा आहे. खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून जायचं, पायऱ्या किती, कठडा आहे का, सगळं लिहा. आपली टाकी सेप्टिक असते. तिच्यात सॅनिटरी पॅड, लहान मुलाचे डायपर गेले की तुंबते आणि ती उपसायला गाडी बोलवावी लागते. म्हणून आतमध्ये झाकणाचा डबा ठेवा, शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा आणि लिहा, "पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाका." लाजण्यासारखं यात काही नाही. उलट पाहुण्या बाईला बरं वाटतं, नाहीतर ती कुठे टाकू म्हणून पिशवी घेऊन फिरते.

आणि एक. एकट्या बायका, मैत्रिणींचे गट, आई आणि मुलगी अशा पाहुण्या येतात. फोनवर त्या इकडचं-तिकडचं विचारतात, पण त्यांना हवं असतं ते एवढंच: दाराला आतून चांगली कडी आहे का, संडासला जायच्या वाटेवर दिवा आहे का, रात्री घरात बाईमाणूस असतं का. त्यांना विचारावं लागू नये. आपणच लिहावं. हे वाचून त्या निर्धास्त होऊन येतात आणि पुढच्या खेपेला आणखी चौघींना घेऊन येतात.

जेवणाचं बोलू. आपलं खरं नाव इथेच होतं आणि आपली पाठही इथेच मोडते. सकाळच्या न्याहारीची वेळ लिहा, दुपारची लिहा, रात्रीची लिहा. साडेनऊनंतर पोचलात तर पिठलं-भात मिळेल, तोही फोन करून सांगितलं असेल तर, असं लिहिलं म्हणजे अकरा वाजता कोणी कोंबडीवडे मागत नाही. मागितले तर कागद दाखवता येतो. सकाळी पाच वाजता घावण्याचं पीठ ढवळायला जी उठणार आहे तिने रात्री बारापर्यंत भांडी घासायची, हे किती दिवस चालेल? उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, नारळ खवण्यापासून कळ्या पाडण्यापर्यंत वेळ लागतो, हेही कागदावर यावं.

मासळीचं तर नीटच लिहावं लागतं. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात तो काळ, आणि समुद्रही खवळलेला. पाहुणा जुलैत पावसाची मजा घ्यायला येतो आणि ताजी सुरमई मागतो. अशा वेळी तालुक्याच्या बाजारातून बर्फातली जुनी मासळी आणून ताजी म्हणून वाढणारे आहेत, मला ते अजिबात पटत नाही. लिहून टाका: या दोन महिन्यांत सुक्या बांगड्याचं कालवण, सुकटीची चटणी, अंडी, कोंबडी, आणि रानभाज्या. टाकळा, कुर्डू, फोडशी या भाज्या शहरात सहज कुठे मिळतात? पाहुणे आवडीने खातात. इतर दिवसांतही "ताटात काय असेल ते त्या दिवशी बोटीला काय लागलं त्यावर" असं लिहावं. श्रावणात किंवा ठराविक वारी तुमच्या घरात मासळी शिजत नसेल तर तेही सांगा. आपला नेम पाळायचा आपल्याला हक्क आहे, फक्त पाहुण्याला तो ताटावर बसल्यावर कळू नये. भाकरी घरची, मसाला घरचा, हेही लिहा बरं का, सगळ्या अडचणीच लिहायच्या नाहीत.

गणपतीत आणि शिमग्याला खोल्या द्यायच्या की नाही, हे घरात बसून ठरवा. चाकरमानी घरी येतात, दीर-जावा, मुलं, माजघरात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा पैशांच्या मोहाने खोली दिली की सणही जातो आणि पाहुणाही नाराज होतो. ते दिवस "बंद" म्हणून कागदावर स्पष्ट लिहा.

समुद्राबद्दल मात्र दोन ओळी ठळक अक्षरांत. गणपतीपुळ्याला माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यात बरेचसे बाहेरून आलेले असतात. पाणी कंबरेएवढंच दिसतं, पण परतीचा ओढा पायाखालची वाळू खेचतो. भरती-ओहोटीची वेळ रोज विचारून घ्या, पावसाळ्यात पाण्यात उतरू नका, दारू पिऊन तर नाहीच, असं लिहा. भरती-ओहोटीची वेळ खोलीबाहेर खडूने रोज लिहिली तर फार चांगलं. आमच्याकडे हे काम धाकट्या मुलीचं आहे. रात्री अंगणात जाताना बॅटरी घ्या, चपला झटकून घाला, हेही सांगा. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, पण त्यासाठी रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचला पाहिजे. म्हणून जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, रुग्णवाहिकेसाठी 108, इतर मदतीसाठी 112, आणि घराच्या कोणत्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज येते, हे दारामागच्या कागदावर हवंच.

पैशांचं थोडक्यात. खोलीचा दर माणशी की खोलीमागे, त्यात न्याहारी धरलेली आहे का, जेवणाचं ताट केवढ्याला, लहान मुलाचं काय, आगाऊ रक्कम किती, येणं रद्द झालं तर किती दिवस आधी कळवल्यास किती परत. समजा शनिवारसाठी तुम्ही दोघांना नाही म्हणालात आणि तिसरा शुक्रवारी रात्री "येत नाही" म्हणाला, तर आणलेला बाजार आणि बुडालेली खोली दोन्ही तुमच्या गळ्यात. म्हणून आगाऊ घेतल्याशिवाय खोली धरून ठेवू नका. ओळखीचा असला तरी. रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत, तेव्हा थोडी रोकड जवळ ठेवा, एटीएम अमुक गावात, असंही लिहा. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागेल, नाव रजिस्टरात लिहिलं जाईल. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती 24 तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागून घ्या.

आता सासूबाईंचं एक म्हणणं मी मानलं ते सांगते. पहिला मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "हे शाळेच्या फळ्यासारखं झालं." खरंच, ओळीओळीला "सक्त मनाई" होती. मग प्रत्येक नियमाला कारण जोडलं. "दारू पिण्यास मनाई" ऐवजी "हे आमचं राहतं घर आहे, मुलं याच अंगणात अभ्यास करतात, म्हणून इथे दारू चालत नाही." "मोठ्याने गाणी लावू नका" ऐवजी "वाडीत नऊला निजानीज होते." नियम तोच राहिला, पण वाचणाऱ्याला घर दिसायला लागलं. आमचा कोंबडा पहाटे चारला आरवतो आणि त्याला आम्ही काही करू शकत नाही, ही ओळ सासूबाईंनीच घातली. पाहुणे आल्याआल्या कोंबडा कुठे म्हणून विचारतात.

खरं सांगून पाहुणे कमी होतील अशी भीती वाटते ना? मघाशी वेळासचं नाव घेतलं. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथे 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांतून राहतात, घरचं जेवण जेवतात. अंड्यांतून पिल्लं यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, आणि नेमकी कधी बाहेर येतील ते कोणाच्या हातात नसतं. तेव्हा तिथे येणाऱ्याला आधीच सांगावं लागतं, की पिल्लं दिसतीलच अशी खात्री नाही, पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. तरी माणसं पहाटे उठून किनाऱ्यावर जातात. एखादा दिवस काहीच दिसत नाही. मग पुन्हा संध्याकाळी जातात.

तर या आठवड्यात गटाच्या बैठकीला वही घेऊन बसा. प्रत्येकीने आपल्या घराचा कागद लिहायचा, दोन पानांच्या वर नाही. मग तो अशा बाईला वाचायला द्या जी तुमच्या घरी कधी आलेली नाही. दुसऱ्या वाडीतली, कोणाची नवी सून असेल तर उत्तम. ती जे जे विचारेल ते त्यात लिहायचं राहिलेलं आहे असं समजा, आणि घाला. पाऊस सुरू झाला की एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा, असा वर्षातून दोनदा तो पुन्हा वाचा. जंगरच्या वेळा बदलतात, दर बदलतात, विहिरीचं पाणीही बदलतं.