मोट गेली, सौर पंप आला, विहीर तीच



आपल्या शिरूर कासार भागातल्या वडीलधाऱ्यांना मोट चांगली आठवते. बैल धावेवरून खाली जायचे, चामड्याची मोट भरून वर यायची. बैल थकले की उपसा थांबे, आणि तेवढ्यात झरे विहीर भरून काढत. पुढे डिझेल इंजिन आले, मग विजेची मोटार. आता 2024 साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत 10 टक्के हिस्सा भरून पंप मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्केच. रात्रीच्या लाईटसाठी विंचू-काट्यात जाणे टळले, हे मोठेच सुख. पण बिल येत नाही म्हणून ऊन आहे तोवर पंप चालूच ठेवायचा, हे काही बरे नाही.

एक हिशेब घरीच करून बघा. संध्याकाळी पंप बंद केल्यावर काठावरून दोरी सोडा, पाणी लागेल तिथे गाठ मारा. सकाळी पुन्हा मोजा. 20 फूट व्यासाच्या गोल विहिरीत पाणी 2 फूट चढले, तर ते झाले सुमारे 18 हजार लिटर. आणि एका एकराला मोकाट पद्धतीने 2 इंच पाणी द्यायचे तर लागते 2 लाख लिटर! म्हणजे अकरा रात्रींची आवक एका पाळीत गेली. तेव्हा रात्रीत चढेल तेवढेच दिवसा उपसा, आणि तेही ठिबकने द्या.

हे माप दिवाळीत एकदा घ्या, फेब्रुवारीत पुन्हा घ्या. उन्हाळी भुईमूग किती गुंठे करायचा, ते दुसऱ्या मापावरून ठरवा.