पन्नाशीतली उमेदवारी
(मोरा येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेवर ‘नोकरीच्या नव्या वाटा’ असा विषय छापला आहे, आणि पहिल्या रांगेत बसवलेली बारावीची मुले पाहता संयोजकांच्या मनात तरुणांचे मार्गदर्शन असावे. परंतु ज्याचे आयुष्य कामगार न्यायालयाच्या दप्तरात गेले त्याला वाटांपेक्षा बंद झालेले दरवाजेच अधिक परिचित असतात, तेव्हा मी बोलणार आहे ते मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, खुर्च्या रिकाम्या असूनही न बसणाऱ्या, पंचेचाळिशी उलटलेल्या मंडळींविषयी.

जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनात या उरण तालुक्यात काय घडले, त्याचे नेते दि. बा. पाटील कोण, संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणारे साडेबारा टक्के म्हणजे काय, हे येथे सांगणे म्हणजे कोळ्याला भरतीची वेळ सांगणे होय. ते सोडून देतो. २६ मे १९८९ रोजी येथील न्हावा शेवा बंदर सुरू झाले, त्याभोवती कंटेनरची गोदामे, तुमच्या बोलीतील सीएफएस, उभी राहिली, आणि शेती व मिठागरे गेलेल्या घरांतील मुले तेथे टॅली क्लार्क, सर्व्हेयर, फोर्कलिफ्टचालक झाली. पुढे २०१६ पासून आयातदाराचा माल गोदामात न उतरवता बंदरातून थेट त्याच्या दारी नेण्याच्या पद्धतीला जोर आला. व्यापाराचा वेळ वाचला, खर्च वाचला, हे मी नाकारीत नाही. परंतु गोदामांचे काम आटले, आणि विशीत कामावर गेलेला इसम चाळिशी-पन्नाशीत पुन्हा अर्जदार झाला.

असे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. नाव सांगत नाही, कारण तुम्ही लगेच ओळखाल. (हशा.) ट्रेलरवर पेटी कशी बसली आहे एवढे पाहून आतील वजन एकीकडे कलले आहे हे सांगणारा हा मनुष्य मोबाइलवरील अर्जात जन्मसाल भरी आणि मग कोणाचेही उत्तर येत नसे, एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचला, तेव्हा समोरच्या तरुण साहेबाने ‘काका, बसा’ म्हणून मोठ्या अदबीने खुर्ची दिली, आणि ‘काका’ ऐकताच आपले काम झाले नाही हे यांना समजले. ‘तुमचा अनुभव फार आहे, काका, आम्हांला परवडणार नाही.’ किती पगार हवा, हे कोणी विचारलेसुद्धा नव्हते! त्यांचा प्रश्न असा होता, की बायोडाटामधून दहा वर्षे गाळली तर तो गुन्हा होईल का?

मी हसलो नाही. कारण २०२० साली सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले होते. पंजाब नॅशनल बँकेत शिपायाच्या जागेसाठी पदवीधर अपात्र होता, उमेदवाराने पदवी लपवली, बँकेने त्याला नाकारले, आणि न्यायालयाने बँकेचेच म्हणणे उचलून धरले. दाखला वाढवणारा लबाड, हे आपण जाणतो. येथे दाखला कमी करणाराही दोषी ठरला. खासगी नोकरीत तसा नियम सहसा नसतो, एवढाच दिलासा मी त्यांना दिला.

राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदातील यादीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास आहे, वय नाही. अमेरिकेने १९६७ साली चाळिशीपुढील कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘२५-एच’ नावाचे एक सुंदर कलम होते: कपात केलेल्या कामगाराला, नवी भरती करताना, आधी बोलवावे. नव्या औद्योगिक संबंध संहितेने त्याला एक वर्षाची मुदत घातली. एक वर्ष! तेवढ्यात तर माझ्या अशिलाची पहिली तारीखही लागत नसे. (हशा.)

आता थोडे विषयांतर करतो. गिरणीच्या दारात पूर्वी कामगार भरणारा जॉबर उभा असे. तो काम देण्यासाठी दस्तुरी खाई, सावकारी करी, माणसे हाकली-बोलावली जात ती त्याच्या मर्जीने, आणि १९३१ च्या शाही मजूर आयोगाने त्याला दोष दिला तो यथायोग्यच होता. १९३५ साली गैरहजर कामगारांच्या जागी येणाऱ्या बदलीवाल्यांची नोंद ठेवून त्यांना कार्डे देण्याची पद्धत मुंबईत आली ती याच जाचातून. परंतु एवढे तरी खरे, की कोणाच्या हातून तुटलेला धागा कसा सांधला जातो हे तो जॉबर डोळ्यांनी पाहत असे. जन्मसाल पाहून माणूस गाळणाऱ्या आजच्या यंत्राला तेही ठाऊक नाही. ‘व्याख्याते दस्तुरीचे समर्थक’ असे उद्या कृपा करून छापू नका. १८ जानेवारी १९८२ नंतर, गिरणी संप लांबत गेला तसे, धागा सांधणाऱ्या त्या हातांना...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ओहोटी लागली, की गाळामुळे धक्क्याला लाँच लागणार नाही. आता उरणहून रेल्वे आहे हे खरे, पण माझे घर मुंबईत, भाऊच्या धक्क्यापासून जवळ. म्हणून गिरणी सोडतो आणि ज्यासाठी आलो ते सांगतो.

१९६९ च्या माथाडी कायद्याने, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे, एक विलक्षण गोष्ट केली: हमालाची नोंद मालकाकडे न ठेवता मंडळाकडे ठेवली. मालक मजुरी व तीवरील लेव्ही मंडळात भरतो, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान तेथूनच मिळते, आणि एक गाळा बंद झाला तरी कामगाराला नव्याने अर्ज घेऊन फिरावे लागत नाही. तो टोळीत असतो, आणि टोळीत म्हातारा-तरुण शेजारी शेजारी असतात. हीच नोंदवही टॅली क्लार्क, सर्व्हेयर, क्रेनचालक यांच्यासाठी उरण तालुक्यात उघडावी, एवढीच माझी मागणी.

दुसरी चिठ्ठी: ‘खोट्या माथाड्यांच्या खंडणीचे काय?’ ठाऊक आहे. ट्रक अडवून पैसे मागणाऱ्याला पोलिसांच्या हवाली करा. मात्र चोर शिरला म्हणून घर पाडू नका! (टाळ्या.) नाही, मी रागावलेलो नाही.

भिंतीजवळून विचारले गेले, की लेव्ही कोण भरणार, कंत्राटदार तर पळून जाईल. अहो, खासगी सुरक्षारक्षकांविषयी हीच शंका काढली गेली असेल. तरी १९८१ साली त्यांच्यासाठी कायदा झाला, मंडळे झाली, आणि रक्षक ठेवणाऱ्या आस्थापना तेथे पैसे भरतात. कंत्राटदार पळेल, बंदर पळणार नाही. म्हणून वसुली बंदरातील टर्मिनलचालकाकडून करावी, कंत्राटदाराकडून नव्हे, आणि गेटपास मंडळाच्या यादीवरूनच निघावा. मसुदा मी अध्यक्षांच्या हाती ठेवून जात आहे. सह्यांसाठी शेवटी कोरी पाने जोडली आहेत.