शाळेची पहिली पायरी आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



समितीने आम्हाला सांगितले की जूनमध्ये आपल्या वस्तीतली बरीच मुले पहिल्यांदा शाळेत जाणार आहेत, त्यांच्या आईबापांसाठी दोन शब्द बोला. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. आमची शाळा नववीला सुटली. पुढचे शिकलो ते रातपाळीनंतर वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत. तरी आज उभे राहिलो, कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे. ती तुमच्या हातून होऊ नये.

आधी गिरणीची गोष्ट सांगतो. आम्ही बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा वय अठरा-एकोणीस. साचेखात्याचे दार उघडले आणि मागांचा असा गडगडाट अंगावर आला की काळजात धस्स झाले. कानाशी ओरडले तरी ऐकू येत नव्हते. जुनी माणसे हाताच्या खुणांनी बोलत होती. खरे सांगतो, पळून जावेसे वाटले. तेवढ्यात एका वयस्कर साचेवाल्याने बाही धरून बाजूला नेले. पाणी कुठे, संडास कुठे, जेवणाची सुट्टी कधी, भोंगा कधी वाजतो आणि अडलेच तर कुणाला सांगायचे, एवढेच त्यांनी दाखवले. माग कसा चालवायचा ते नंतर. पण तेवढ्याने जीव थाऱ्यावर आला.

आता विचार करा. अठरा वर्षांच्या गड्याची ही गत, तर चार वर्षांच्या लेकराची काय होत असेल? ज्या घरात सगळे त्याला ओळखतात तिथून उचलून आपण त्याला तीस-चाळीस अनोळखी पोरांत बसवतो. त्याला अ-आ-इ येत नाही म्हणून ते रडत नाही. त्याचे प्रश्न गिरणीतल्या आमच्या प्रश्नांसारखेच असतात. तहान लागली तर काय? शू लागली तर काय? इथे माझे कोण? आणि आई परत येणार की नाही?

आता आमची चूक. आमचा थोरला शाळेत जायला लागला तेव्हा आम्ही रातपाळी करून सकाळी तुर्भ्याला घरी यायचो. डोळे लाल, अंगात कणकण. आणि पोरगा दाराची चौकट धरून रडायचा. आम्ही बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणायचो, "त्यांनी एवढे सोसले आणि तू रडतोस? लाज नाही वाटत?" एकदा दोनदा हातही उचलला. पोरगा गप्प झाला. आम्हाला वाटले, सुधारला. पण तो आमच्यापुरता कायमचाच गप्प झाला. नापास झाला तरी सांगितले नाही, वर्गात पोरे चिडवत होती तेही सांगितले नाही. दहावीनंतर शाळा सुटली. आज ड्रायव्हर आहे, कष्टाचे खातो, तक्रार नाही. पण मागच्या वर्षी त्याची मुलगी बालवाडीत जायची होती तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तिला ते फोटोचे सांगू नका. मी लहानपणी त्या फोटोला घाबरायचो."

बंधुभगिनींनो, ज्या चळवळीत आमची हयात गेली तिच्या नेत्याचा आम्ही आमच्याच लेकरासाठी बागुलबुवा केला. या एका वाक्याने आमची झोप उडाली.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढले. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की वर्गात त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरून न्यायचे आणि घरी आणायचे. नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. हा इतिहास मुलांना सांगायचा, जरूर सांगायचा. पण कधी? समज आल्यावर, आणि अभिमान वाटावा असा. रडणाऱ्या पोराला गप्प करायला नव्हे. बाबासाहेबांनी सोसले ते आपल्या पोरांनीही सोसावे म्हणून नव्हे, सोसावे लागू नये म्हणून.

नातीच्या वेळी आम्ही निराळे केले. शाळा सुरू होण्याआधी बाईंना विचारून तिला शाळा दाखवायला नेले. तिने पहिला प्रश्न काय विचारला ठाऊक आहे? "आजोबा, इथे पाणी कोण देणार?" आम्हाला दोन मिनिटे बोलताच येईना. मग तिला नळापाशी नेले. तिने टाचा उंच करून नळ स्वतः उघडला, पाणी प्यायली आणि बंद केला. पहिले तीन-चार दिवस ती रडली, पण शाळेला नाही म्हणाली नाही.

आता कामाचे सांगतो. शाळेच्या आधीच्या आठवड्यात मुलाला घेऊन तो रस्ता दोनदा चाला. डबा उघडणे, बाटलीचे झाकण लावणे, चड्डी खाली-वर करणे हे घरी शिकवा. बटणांपेक्षा इलास्टिकची चड्डी बरी. इंग्रजी शाळेत घातले असेल तर शू लागल्यावर बाईंना काय म्हणायचे तो शब्द पाठ करून घ्या. आपली कितीतरी पोरे शब्द माहीत नाही म्हणून कपडे ओले करतात आणि मग हसू होते म्हणून शाळाच नको म्हणतात.

निरोप घेताना चोरून पळू नका. आपल्याकडे ही फार सवय आहे, मूल खेळात गुंतले की आई मागच्या मागे सटकते. मग मूल मान वळवते तर आई नाही. दुसऱ्या दिवशी ते पदर सोडतच नाही, कारण त्याला कळले की नजर हलली की आई जाते. सांगून जा. थोडक्यात सांगा, पण सांगा. "साडेबाराला येते" म्हणून उपयोग नाही, त्याला घड्याळ कुठे कळते? "खाऊ खाल्ला, गाणे झाले, की मी दारात" असे म्हणा. आणि खरोखर दारात असा. पहिल्या पंधरा दिवसांत एक दिवस जरी उशीर केला तरी मागचे सगळे पाण्यात जाते.

"थांब, बाईंना नाव सांगते" ही धमकी बंद करा. ज्या बाईंची भीती घातली त्यांच्याकडे मूल पाणी मागायला कसे जाईल? रात्री लवकर झोपवा. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. पण घरातला टीव्ही आणि मोबाईल बारापर्यंत चालू असेल तर शासन काय करणार?

बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत रुळतात. काही दिवस चिडचिड होते, एखादे अंथरुण ओले करते, त्याला रागावू नका. पण महिना उलटला तरी रोज सकाळी पोट दुखते म्हणत असेल, तर ते नाटक समजू नका. जवळ घेऊन विचारा. कुणी मारते का, कुणी जातीवरून बोलते का, कुणी अंगाला हात लावते का. मग शाळेत जाऊन शांतपणे विचारा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मारणे आणि मानसिक छळ करणे त्याने बंद केले आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेणेही त्याने बंद केले आहे. हे माहीत असू द्या आणि मान वर करून बोला.

शेवटची गोष्ट. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी आली. मूल शाळेत रुळत नसेल तर मोठ्यांनी चार पावले पुढे जायचे असते, हा त्याचा धडा.

आपल्या वस्तीत कितीतरी आया सकाळी सातला धुण्याभांड्याला बाहेर पडतात, बाप पाळीवर. त्यांनी पोराला पोचवायचे कसे आणि दारात उभे राहायचे कसे? म्हणून आमची विनंती आहे की जूनचे पहिले पंधरा दिवस विहारातली आम्ही रिकामी माणसे, आजोबा-आजी, अशा मुलांना शाळेत नेऊ आणि आणू. मात्र पोराची ओळख आधी व्हायला हवी, म्हणून त्यांना आठवडाभर आधीच संध्याकाळी विहारात पाठवा. पहिले नाव आमचे लिहा. सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे.

आपल्या एकाही लेकराने शाळेच्या दारात "मला न्यायला कोण येणार?" म्हणून रडू नये, एवढे करू या. 

जयभीम! नमो बुद्धाय!