उडाला, पण ठाण्यावर पोहोचला नाही
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



२९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१५ झेपावले. तिथले ते शंभरावे उड्डाण. अभिनंदनाचे संदेश फिरले, आणि ते योग्यच होते; अग्निबाणाने आपले काम चोख केले. त्यावरचा एनव्हीएस-०२ हा २,२५० किलोंचा उपग्रह आपल्या 'नाविक' या दिशादर्शन यंत्रणेचा. पुढे २ फेब्रुवारीला 'इस्रो'ने कळवले की उपग्रहाची कक्षा उंचावता येत नाही, कारण झडपा उघडल्या नाहीत. याची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी झाली.

अग्निबाण असा उपग्रह थेट मुक्कामी पोहोचवत नाही. तो त्याला लांबट कक्षेत सोडतो: एक टोक पृथ्वीपासून सुमारे १७० किलोमीटरवर, दुसरे ३६ हजारांच्या पुढे. तिथून गोल कक्षेत उपग्रहाने स्वतःच्या इंजिनावर जायचे असते. अंतराळात हवा नाही, म्हणून इंधनाबरोबर ते जाळणारे द्रव्यही न्यावे लागते. त्या द्रव्याची वाट अडली आणि इंजिन पेटलेच नाही. ठरलेल्या कक्षेत तो २४ तासांत एक फेरी करणार होता. ती कक्षा कललेली असल्याने जमिनीवरून पाहता त्याची वाट इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसली असती. (मराठी आठाचा इथे उपयोग नाही!)

आता, हे सैन्याचे काम कसे? 'नाविक'च्या दोन सेवा आहेत: एक सर्वांसाठी खुली, दुसरी सांकेतिक, सैन्यासारख्या अधिकृत वापरकर्त्यांपुरती. परक्याच्या यंत्रणेवर विसंबणे म्हणजे काय, हे जगाने पाहिले आहे. मे २००० पर्यंत अमेरिका आपल्या 'जीपीएस'चा नागरी संदेश मुद्दाम ढोबळ करून देत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. ती प्रथा बंद केली तीही त्यांनीच, त्यांच्या मर्जीने. किल्ली ज्याच्या हाती, दार त्याचे. २००६ साली आपल्या सरकारने स्वतंत्र यंत्रणेला मंजुरी दिली ती उगाच नव्हे.

पण या यंत्रणेचा जीव घड्याळात आहे. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. घड्याळ तेवढे चुकले तर तोफेचा नेम गावाबाहेरून गावात येईल. २०१३ साली गेलेल्या आयआरएनएसएस-१ए या पहिल्या उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. ती परदेशातून विकत घेतलेली होती. त्याच्या बदली २०१७ साली पाठवलेला उपग्रह उष्णताकवच न सुटल्याने आतच अडकला. देशी रुबिडियम घड्याळ प्रथम बसले ते मे २०२३ मधल्या एनव्हीएस-०१ मध्ये, आणि ते घडले आपल्या बडोद्याच्या शेजारी, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात. त्या मंडळींचे कौतुक शंभर उड्डाणांच्या बरोबरीने व्हायला हवे होते, असे माझे मत आहे.

जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत हिशेब दिला. अकरा उपग्रह सोडले; त्यांतले स्थाननिश्चितीच्या कामाचे चार. चार एकतर्फी संदेश प्रसारणापुरते, एक निवृत्त, दोन ठरलेल्या कक्षेत पोहोचलेच नाहीत. जमिनीवरच्या यंत्राला आपली जागा आणि अचूक वेळ काढायला निदान चार उपग्रह लागतातच. म्हणजे त्या दिवशी हाती एकही जादा नव्हता. एक घड्याळ थांबले की स्वतंत्र यंत्रणा अपुरी.

शास्त्रज्ञांवर माझा रोख नाही. उपग्रह बिघडतात, सर्व देशांचे बिघडतात. म्हणून तर जादा उपग्रह आधीच तयार ठेवायचे असतात, आणि त्यासाठी पैसा व वेळापत्रक ही राज्यकर्त्यांची जबाबदारी. उड्डाणाच्या दिवशी श्रेय घ्यायला जे पुढे येतात, त्यांनी झडपेचे उत्तरही द्यावे.

माझी सूचना एवढीच: मंडळाने आपल्या खासदारांना पत्र लिहावे आणि 'नाविक'चे किती उपग्रह व किती घड्याळे चालू आहेत, हे दर सहा महिन्यांनी संसदेत सांगितले जावे अशी मागणी करावी. मसुदा मी लिहून आणला आहे. सह्या आजच झाल्या तर बरे.