आधी गाव पाहावे

चुलीपासून लांब बसून भाकरी कशी थापावी हे सांगणारे पुष्कळ असतात. विद्वानांतही असे असतात. खेड्यांवर ग्रंथ लिहितात, पण खेड्यात एक रात्र काढलेली नसते!

पोथ्यांवरून पाहावे तर वर्ण चार, आणि ब्राह्मण सर्वांत वर. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास मात्र १९४८ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले. लेखनात त्याला त्यांनी 'रामपुरा' म्हटले. तिथे जमीन आणि संख्याबळ ओक्कलिग शेतकऱ्यांकडे. पोथीच्या हिशेबाने हे शूद्र. पण इतर जातींचे तंटेही त्यांचेच वडीलधारे मिटवीत. यावरून श्रीनिवासांनी 'प्रबळ जात' ही कल्पना मांडली. घरबसल्या ती सुचली असती का?

पुढे १९७० साली अमेरिकेत जाळपोळीत त्यांच्या तयार टिपणांच्या तिन्ही प्रती नष्ट झाल्या. तरीही बव्हंशी आठवणीवर त्यांनी रामपुऱ्यावर ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली निघाला. कागद जळाले, पण पाहिलेले गाव मनात होते.

ग्रंथ वाचू नयेत असे नव्हे. पण ते पडताळून पाहावेत. शिक्षकबंधुभगिनींनो, मुलांना 'आमचे गाव' हा निबंध घालाल तेव्हा म्हणा, "आधी विहिरी मोजून या. कोणती केव्हा आटते, ते पाणी भरणाऱ्या बायांना विचारा." निबंध चार ओळींनी आखूड होईल, पण खरा होईल.