चंद्रभागेला पाणी कुठून येतं
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



मंडळींनी मला विषय दिलाय, पंढरपूरचे पूर आणि दुष्काळ. माझं शिक्षण चौथी, त्यामुळं मी काही मास्तरासारखा सनावळ्या सांगत बसणार नाही. पण चाळीसच्या वर पायी वाऱ्या झाल्यात आणि घरची शेती कोरडवाहू. दोन्हीकडनं पाण्याची ओळख झाली, तेवढी सांगतो.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. पंढरपुरात पाऊस फार पडत नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याला वर्षाचा वीस-बावीस इंच. भीमा जिथं उगवते त्या भीमाशंकरला शंभर इंचाच्या वर. म्हंजे पंढरपूरचा दुष्काळ तिथल्या आभाळातला असतो, आणि पूर बहुतेक वेळा सह्याद्रीच्या आभाळातला. पंढरपुरात ऊन पडलेलं असतं, पताका वाळत घातलेल्या असतात, आणि पाणी पायरी पायरी वर चढत असतं. नवीन वारकऱ्याला हे खरं वाटत नाही.

हे समजायला नकाशा लागत नाही, आपली वाट आठवा. आळंदीला आणि देहूला इंद्रायणी. पुण्यात मुळा-मुठा. ह्या सगळ्या पुढं भीमेला मिळतात. मग माउलींचं नीरास्नान होतं, तुकोबारायांच्या पादुकांना सराटीला नीरेचं स्नान घालतात. ती नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरते. ज्या ज्या नदीत आपण वाटेनं पाय धुतले, ती प्रत्येक नदी पंढरपुराकडंच चाललेली असते. आपल्याला पोचायला अठरा-एकोणीस दिवस लागतात, तिला तेवढे लागत नाहीत.

1980 ला उजनीचं धरण पुरं झालं. तेव्हापासून पुष्कळ लोक समजतात, की उजनीची दारं बंद म्हंजे वाळवंट सुरक्षित. तसं नाही माउली. उजनी नरसिंहपूरच्या वरच्या अंगाला आहे. नीरेचं पाणी उजनीत जातच नाही, ते वीर धरणातनं सुटलं की खालच्या अंगानं थेट भीमेला मिळतं. उजनी आणि वीर दोन्हीकडनं एकदम सोडलं, की चंद्रभागा दोन्ही काठ सोडते. 2006 ला पाहिलं, 2019 च्या ऑगस्टात पाहिलं. जुना दगडी पूल पाण्याखाली, पुंडलिकाचं देऊळ पाण्यात, अंबाबाई पटांगणाकडची आणि व्यासनारायण झोपडपट्टीतली गोरगरीब माणसं भांडीकुंडी डोक्यावर घेऊन शाळेत, मठात. पूर बघायला गर्दी करणारे घाटावर उभे असतात, त्यांचं मला नवल वाटतं. ज्याचं घर पाण्यात आहे त्याला विचारा काय बघायचं असतं ते.

पूर्वी कोळीबांधव पाण्याचा रंग बघून सांगायचे. पाणी तांबडं झालं, फेस आणि काटक्या वाहून यायला लागल्या, की होड्या वर ओढायच्या. अजूनही त्यांचं ऐकावं. पण आता पाणी धरणाच्या दारातनं सुटतं, ते माणसाच्या हुकमानं सुटतं, म्हणून भोंगा काय सांगतो तेही ऐकावं. भजनाच्या नादात भोंगा ऐकू आला नाही, हे कारण पाण्याला सांगता येत नाही.

आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक राग आहे, की वाळवंटातला मुक्काम गेला, राहुट्या पलीकडं पासष्ट एकरात गेल्या. मलाही वाळवंटातल्या कीर्तनाची गोडी आहे. तिथं मी उभा राहिलोय. पण आषाढात रात्री बाराला पाणी वाढलं, तर पोरंबाळं, म्हातारी, स्वयंपाकाची भांडी घेऊन अंधारात कुठल्या घाटानं चढायचं? राग सोडा म्हणत नाही, पण ह्याचं उत्तर आधी द्या. आणि पूर ओसरल्यावरही लगेच उतरू नये. वाळू उपसून नदीत खड्डे झालेत, वरनं पाणी गुडघ्याएवढं दिसतं आणि पुढच्या पावलाला माणूस जातो. स्नानाला गेलेल्या किती वारकऱ्यांचं असं झालं.

2020 ची गोष्ट वेगळी. त्या साली वारी बंद होती, माउलींच्या पादुका एस.टी.नं गेल्या. आणि ऑक्टोबरात पाऊस आला तो सह्याद्रीचा नव्हे, बंगालच्या समुद्राकडनं तेलंगणावरनं सोलापुरावर आलेला. तो मात्र आपल्याच डोक्यावर पडला. 14 ऑक्टोबरला कुंभार घाटाची भिंत कोसळली आणि सहा जीव गेले. ते ऐकलं तेव्हा मला चोखोबा आठवले. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत पडली आणि त्याखाली ते गेले, असं आपण परंपरेनं सांगतो. पावसात भिंतीच्या आडोशाला थांबू नका. कीर्तनात चोखोबांचं आख्यान लावतो तेव्हा मी हे आता बोलून घेतो.

आता दुष्काळ. मी मंगळवेढ्याच्या पस्तीस गावांकडचा, दुष्काळ आमच्या घरचा. 1630 च्या पुढचा दुष्काळ तुकोबांच्या घरात शिरला, बायको-मूल घेऊन गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या मंगळवेढ्याला दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार उघडलं. आपण कीर्तनात विठू महार होऊन देव आला तिथं रंग भरतो, भरावाच. पण मी शेतकरी, मला कोठाराचंही वाटतं. धान्य होतं म्हणून वाटता आलं. मंगळवेढ्याची काळी रान खोल, हस्ताचा एक पाऊस चांगला झाला की पोटात ओल धरते आणि त्या ओलीवर शालू निघतो. जुनी माणसं दोन सालांची ज्वारी पेवात ठेवायची. आता पेव बुजवलं, आणि घरात महिन्याचंच पीठ.

1972 ला मी बारा-तेरा वर्षांचा, शाळा सुटलेली. आईबरोबर खडी फोडायला जायचो. सुकडी मिळायची, रेशनला तांबडी मिलो. वाळवंटात झिरा काढून वाटीनं पाणी भरायचे. त्या कामावर झालेल्या पाझर तलावातला गाळ गावकऱ्यांनी काढला तर अजून पाणी धरतील. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये खोल गेली, आणि त्याच पावसाळ्यात भरून वाहिली. दुष्काळ आणि पूर एकाच सालात बघायचे दिवस आलेत.

तर ह्या आषाढीपासून एवढं ठरलंय. नीरेचं स्नान झाल्यापासून दोन पोरं मोबाइलवर उजनीचा आणि वीरचा विसर्ग रोज बघतील आणि चोपदारांना सांगतील. सांजेच्या आरतीनंतर चोपदार तो सगळ्या दिंडीला मोठ्यानं सांगतील. पाणी सोडल्याचं कळलं की स्नान घाटावरच, साखळी धरून. म्हाताऱ्यांची जबाबदारी टाळकऱ्यांनी नावानिशी वाटून घ्यायची. ती यादी विणेकऱ्यांकडं दिलीय, आपापलं नाव आजच बघून घ्या. रामकृष्ण हरी.